आमची भाची

मला शाळेतून काढून टाकलं, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी निघाले. माझ्या पायांनी, पुढच्या दारानं, ब्लेझरची घडी घालून खुर्चीवर ठेवून. आणि खरं काय नि खोटं काय, याबाबतीत माझा शब्द घ्यायला हरकत नाही. या विषयात माझा हात धरणारं दुसरं कुणी अजून मला भेटलेलं नाही. म्हणजे एक भेटलं, पण ते पुढे येईलच.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे बॉयलर. इस्त्री आई करते. काउंटर आणि फोन माझ्याकडे. लहानपणापासून फोन उचलून उचलून माझा कान असा तयार झाला की, गिऱ्हाईक मी आधी आवाजानं ओळखायची आणि मग कोटानं. आणि जो आवाज कानात बसला तो गळ्यातून काढायला मला फारसं काही करावं लागत नाही. आठवीत मी आईच्या आवाजात वर्गशिक्षिकांना फोन करून स्वतःला तापानं अंथरुणावर झोपवलं. बॉयलर दुरुस्त करणारा आज येतो, उद्या येतो करत होता, तेव्हा समोरच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंच्या आवाजात त्याला असा झापला की, तो जेवण अर्धं टाकून आला. आईला वाटलं, माणूस सुधारला.

माझा एक नियम आहे. माणसाला फसवायचं तर त्याच्या ऐटीवर फसवायचं, भीतीवर नाही. ऐटीत असलेला माणूस अर्धं काम स्वतःच करतो. घाबरलेल्याला काय, कुणीही फसवेल.

जजबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना जजबाईच म्हणायचे आणि त्याही अजून निकाल दिल्यासारख्याच बोलायच्या. दर थोड्या शब्दांनी थांबायचं, जणू समोर कुणीतरी टिपून घेतंय. आणि सुरुवात ठरलेली, "मुद्दा असा, की". कोट तयार व्हायला वेळ असला की काउंटरला टेकून त्या आईशी त्यांच्या शाळेबद्दल बोलत बसत. खरं तर त्या शाळेबद्दल बाहेर कुणाशी बोलायचं नसतं. पण इस्त्रीवाल्यांसमोर लोक मोकळेपणानं बोलतात. त्यांना वाटतं, वाफेनं आमचे कान बंद होतात.

तर मला सगळं तिथेच कळलं. टेकडीवरच्या त्या उंच भिंतीमागे शाळा आहे आणि गेटवर पाटी नाही. जाहिरात नाही, प्रवेशाची परीक्षा नाही, फी नाही. सगळं जुन्या मुली, म्हणजे तिथे शिकून गेलेल्या, मिळून चालवतात. एखाद्या जुन्या मुलीनं (जुनी मुलगी सत्तरीचीसुद्धा असू शकते) मुख्याध्यापिकांना फोन करून सांगितलं की नवी मुलगी आत येते. तिचं आडनाव विचारायचं नाही, घरचं विचारायचं नाही. पहिल्या दिवशी मुलीच तिला एक टोपणनाव देतात आणि तेच चालतं. वर्ष संपताना सगळ्या जुन्या मुली जमतात. मुख्याध्यापिका प्रत्येक नव्या मुलीला पुढे उभी करून विचारतात, "ही कुणाची?" मग जिनं तिला पाठवलं ती उठून म्हणते, "ही आपली." झालं, मुलगी पक्की. शाळेत तर पक्कीच, आणि बाहेर पडल्यावरही. शहरात जिथे जिथे महत्त्वाची खुर्ची आहे तिथे तिथे एक जुनी मुलगी बसलेली आहे, आणि ती दुसरीसाठी बाजूची खुर्ची धरून ठेवते.

"मुद्दा असा, की आमच्या शाळेत मुलींना वाद घालायला शिकवतात," जजबाई एकदा म्हणाल्या. "पण अशी शाळा सगळ्यांना थोडीच मिळते?"

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं नुसती मान डोलावली. मला ती मान लागली. जजबाईंचं बोलणं नाही, आईची मान.

मग मी फोन केला. आई बॉयलरपाशी असताना, दुपारी, दुकानाच्याच फोनवरून. नंबर जजबाईंनी एकदा काउंटरवरून लावला होता, तो माझ्या लक्षात होता.

"मुद्दा असा, की," मी निकाल द्यायला सुरुवात केली, "आमची भाची आहे एक. हुशार आहे. जरा तिखट आहे. सोमवारी पाठवते."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मुख्याध्यापिकांचा मऊ आवाज आला, "पाठवा ना, बाई." ती क्षणभराची शांतता मी आदर समजले. वर त्यांचा आवाजही मला फुकटात मिळाला. त्याच आवाजात मी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून आईला फोन केला आणि तुमच्या मुलीला आमच्या संस्थेनं निवडलंय, मात्र कुठे बोलू नका, असं कळवलं. घरी आले तर आई काउंटरमागे उभी राहून रडत होती आणि एकाच शर्टाच्या एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होती.

मुली तिथेच राहतात. पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत मला ब्लेझर मिळाला. संध्याकाळी काढला आणि सवयीनं घडी घातली. बाह्या आत, खांदे जुळवून, कॉलर वर. माझ्या खोलीतली मुलगी, बारीक आणि टोकदार, नाव टाचणी, बघतच राहिली. "काय घडी घातलीये! घरी शिकवलं?" म्हटलं, हो, घरीच. माझं नाव घडी पडलं. म्हणजे बघा, सगळ्यांपासून लपवायचा तो धंदा पहिल्याच दिवशी कपाळावर लावून मी वर्षभर फिरले आणि कुणाला पत्ता नाही.

दुसरी गोष्ट जेवणाच्या टेबलावर झाली. मी सहज म्हणाले, "आमच्याकडे जेवायला उशीर होतो," तर टेबलावरच्या सगळ्या मुली चमच्यानं ताटाची कड वाजवायला लागल्या. मला कळेना काय चुकलं. टाचणीनं समजावलं. शाळेत 'आम्ही' म्हणायचं नाही. 'आमचं' नाही, 'आमच्याकडे' नाही. मी म्हणा नाहीतर आपण म्हणा. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि आपल्यात बाहेरचं कुणी नाही.

"म्हणजे घरी गेल्यावरही?"

"बाहेरच्यांशी बोलताना म्हणायचं की. तिथे आमची शाळाच. पण आपल्यात नाही. म्हाताऱ्या जुन्या मुलींच्यासुद्धा तोंडून कधी निघत नाही."

मला मनातून हसू आलं. भिंतीच्या बाहेर अख्खं शहर आणि यांच्यात बाहेरचं कुणी नाही! पण जीभ मी लगेच वळवली. जीभ वळवणं हाच तर आपला धंदा.

वर्षभरात मी घरच्यांबद्दल एकही खोटं वाक्य बोलले नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा. विचारायची बंदी असली तरी खडे टाकून बघणाऱ्या असतातच. आई काय करते, असं कुणी आडून विचारलं की मी म्हणायची, "शहरातले सगळे मोठे लोक आईच्या हाताखालून जातात." एकदा म्हणाले, "भल्याभल्यांना सरळ करते ती." दोन्ही शंभर टक्के खरं. टाचणीनं ठरवून टाकलं की माझी आई पोलिसांतली कुणीतरी वरची अधिकारी आहे, आणि माझ्याशी जपून वागायला लागली.

आणि मला ती शाळा आवडली. हे सांगायला लाज कसली? मी गेले होते खुर्चीसाठी. पण तिथे भूमितीच्या सर होत्या. हो, बाईच, पण त्यांचं टोपणनावच सर. एकदा मी त्यांच्या सिद्धतेत चूक आहे म्हणाले. पूर्ण तास आमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, फळ्यावर कालचीच आकृती काढली आणि म्हणाल्या, "घडीचं बरोबर होतं. मी घरी जाऊन बघितलं." माझ्या आधीच्या शाळेत चूक दाखवली तर वर्गाबाहेर उभं करायचे. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. अजून दोन वर्षं मला त्या वर्गात बसायचं होतं. तेवढंच हवं होतं. त्यासाठी कुणालाही शेंडी लावायची माझी तयारी होती.

राहिली होती ती एकच अडचण. 'ही कुणाची?' जजबाईंनी उठून काय म्हणायचं? माझा हिशोब सोपा होता. जुन्या मुलींच्या मंडळाच्या अध्यक्ष त्या. भर सभेत आपण पाठवलेली मुलगी आपल्यालाच माहीत नाही, हे त्या कशाला कबूल करतील? ऐटीत म्हणून टाकतील, ही आपली. मग त्यांच्या पाया पडून, हसवून, नाहीतर भांडून मी पुढचं निभावून नेईन.

सभेच्या आदल्या दुपारी मुख्याध्यापिकांनी मला ऑफिसात बोलावलं. नीटनेटकी बाई. टेबलावर कधी कागदाचा कपटा नाही, दोन्ही हात समोर एकावर एक ठेवलेले.

"बस, घडी. नाव छान मिळालंय तुला. लाँड्रीतच वाढलीस ना?"

मी बसले आणि ब्लेझरची बाही सरळ करत राहिले.

"घाबरू नकोस. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नक्कल उत्तम होती. आवाज, थांबे, तो मुद्दा असा की... पण तू म्हणालीस, 'आमची भाची'. बाई मला फोन करतील आणि 'आमची' म्हणतील? माझ्या पाठीला शहारा आला. मग चौकशी केली."

तेव्हा मला कळलं. मी जजबाईंची नक्कल हुबेहूब केली होती आणि तीच चूक होती. त्यांचा आवाज मी काउंटरवर शिकले होते, आणि काउंटरवर त्या बाहेरच्यांशी बोलत होत्या. आमचा कोट. आमची शाळा. बाहेरचे म्हणजे आम्ही.

"मग मला घेतलंत कशाला?"

"कामाला येशील म्हणून." त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "बाईंच्या डोक्यात खूळ शिरलंय. गेटवर पाटी लावायची म्हणतात, परीक्षा घेऊन कुणालाही आत घ्यायचं म्हणतात. मंडळातल्या निम्म्या त्यांना घाबरून हो म्हणतील. उद्या त्यांना सगळ्यांसमोर स्वतःची भाची आठवणार नाही. बस, एवढंच व्हायला हवंय. बाईंचं वय झालं, डोकं साथ देत नाही, आता विश्रांती घ्या. कुणीही हेच म्हणेल."

"त्यांचं डोकं ठणठणीत आहे. भाची नाहीये, तर आठवेल कशी?"

"ते तुला माहीत आहे आणि मला. तू काही करायचं नाहीस. गप्प उभी राहा. त्या गोंधळल्या की मी त्यांना सावरून घेईन आणि त्यांच्या वतीनं मीच म्हणेन, ही आपली. तू पक्की. दोन वर्षं काय, जन्मभर." मग त्या माझ्याकडे बघून हसल्या. "आपण हे नीट पार पाडू."

वर्षभर तो शब्द मी हजारदा ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो मानेवर हात ठेवल्यासारखा वाटला.

खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला तो माझ्यासाठी. मी जगाला टोप्या घालत फिरते आणि ही बाई वर्षभर मला टोपी घालून बसली होती, तीही माझ्याच मापाची! जजबाई माझ्या कुणी लागत नव्हत्या. काउंटरवर अंगठीनं टकटक करायच्या, मला 'ए मुली' म्हणायच्या. पण एकदा त्यांचा फोन आला होता, चष्मा कोटाच्या खिशात राहिला म्हणून. मी म्हटलं, ठेवलाय काढून. तर तो निकाल देणारा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाल्या, "विसरले हे कुणाला बोलू नकोस हं. लोकांना निमित्त लागतं." तो आवाज मी कधी काढून बघितला नाही. मला येत होता, तरी नाही.

रात्री मला झोप लागली. मला कायम लागते.

सभागृह भरलं होतं. मंचावर मुख्याध्यापिका आणि एका बाजूला आम्ही नव्या मुली. जुन्या मुली हातात चहाचे कप घेऊन रांगांमध्ये बसलेल्या, सगळ्या शाळेचे ब्लेझर घालून. त्यातले निम्मे आमच्या दुकानातून गेलेले. आईची बाहीवरची रेघ मी अंधारातसुद्धा ओळखेन. जजबाई पहिल्या रांगेत, ताठ.

टाचणीचं झालं. तिच्या आत्यानं उठून असं काही "ही आपली" म्हटलं की टाचणी लाल झाली. मग मी पुढे गेले.

"ही कुणाची?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

कुणी उठलं नाही. मुख्याध्यापिकांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग एकदम मायेनं म्हणाल्या, "बाई, आपली भाची. तुम्हीच फोन केला होतात. आठवत नाही का?"

जजबाई उठल्या. पुढच्या कठड्याला हात धरला. माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं वाचता आलं. चेहरा ओळखीचा आहे, कुठे बघितलाय ते लागत नाही, काउंटरमागची मुलगी ब्लेझर घालून मंचावर कशी असेल? त्यांचा हात खिशात चष्मा शोधायला गेला. चष्मा नव्हता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे बाई विसरतात असं ऐकलं ते खरंच की काय." जजबाईंनी ते ऐकलं. त्यांचे ओठ हलले.

"हो," त्या म्हणाल्या. तोच बारीक आवाज. "हो... ही..."

एक शब्द राहिला होता. माझी दोन वर्षं, भूमितीच्या सर, खुर्ची, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं, आणि मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. पण ती ऐट नव्हती. त्या घाबरल्या होत्या.

"थांबा, बाई," मी म्हटलं. "तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्ही फोन केलाच नव्हता."

मुख्याध्यापिकांचे हात एकमेकांवरून सुटले. "घडी, खाली बस."

मी बसले नाही. घसा खाकरला, हनुवटी वर केली आणि निकाल दिला. "मुद्दा असा, की. आमची भाची आहे एक. हुशार आहे. जरा तिखट आहे. सोमवारी पाठवते."

आधी सगळ्या हसल्या, कारण जजबाई समोर ओठ मिटून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज मंचावरून येत होता. मग मागच्या रांगेत कुणाचा तरी चमचा कपावर वाजला. सवयच ती. दुसरा वाजला, तिसरा वाजला, सगळं सभागृह किणकिणायला लागलं. आणि मग एकेक चमचा थांबत गेला, जसजसं एकेकीच्या डोक्यात शिरत गेलं तसतसा.

सगळ्यांत आधी जजबाईंच्या डोक्यात शिरलं. कठड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"आमची?" त्या मुख्याध्यापिकांकडे वळल्या. आवाज जागेवर आला होता. "मुद्दा असा, की तू लहानपणापासून या शाळेत वाढलीस. माझ्या आवाजात कुणीतरी तुला 'आमची' म्हणालं. एकच प्रश्न विचारते. तेव्हा तुला शंका आली होती की नाही? हो किंवा नाही."

"बाई, मला वाटलं, वयामुळे..."

"हो किंवा नाही."

मुख्याध्यापिकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हणावं तर जाणूनबुजून तोतया मुलगी घेतली. नाही म्हणावं तर शाळेचा पहिला धडाच कानाला कळला नाही. मी तिथे उभं राहून शिकत होते. आवाज मला घेता आला होता, हे मला घेता आलं नव्हतं.

"काल त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं," मी म्हटलं. "तुम्हाला भाची आठवणार नाही, म्हणजे तुम्ही घरी बसाल आणि पाटीही लागणार नाही. गप्प राहिले तर मी पक्की होणार होते."

आता मात्र एकही कप वाजला नाही. मुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या. त्यांच्याकडे कुणीच बघेना.

"आणि तू," जजबाई माझ्याकडे वळल्या. "हसू नकोस. तू माझा आवाज चोरलास."

"हो."

"माफी मागणार आहेस?"

"तुमची मागते. मनापासून मागते. शाळेची नाही मागणार."

"का?"

"तुम्हीच सांगितलं होतं, इथे वाद घालायला शिकवतात. मग ऐका. इथे दार ठेवलं असतंत तर मी दारानं आले असते. तुम्ही भिंत बांधलीत आणि वर म्हणता, आपल्यात बाहेरचं कुणी नाही. बाहेर ठेवलेल्यांना मोजलंच नाही की असंच वाटणार. माझी आई तुमचे ब्लेझर इस्त्री करते. या रांगेतल्या निम्म्या बाह्या तिच्या हाताखालून गेल्यात. तिला तुम्ही कधी 'आपली शाळा' म्हणालात? मी वर्षभर इथे पहिली आले. माझ्या डोक्यानं आले, आवाजानं नाही. त्याची माफी कुणाची आणि कशाला मागू?"

मागच्या रांगेतून टाचणीच्या आत्यानं विचारलं, "पण मग ही कुणाची म्हणायची?"

जजबाईंनी माझ्याकडे बघितलं. शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, हे मी शपथेवर सांगते. पण मी मागून घेतला असता तर तो फोनवरूनच घेतल्यासारखा झाला असता. मी थांबले नाही.

"मी आमची," म्हटलं.

चमचा वाजेल असं वाटलं होतं. नाही वाजला. मी ब्लेझर काढला, बाह्या आत घेतल्या, खांदे जुळवले, कॉलर वर काढली आणि खुर्चीवर ठेवून चालायला लागले. दाराशी भूमितीच्या सर उभ्या होत्या. त्यांनी दार उघडून धरलं.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं आधी इस्त्री बंद केली. कामाच्या मधे ती इस्त्री बंद करते ती फक्त रागावली की, त्यामुळे मी दाराजवळचीच जागा धरली होती.

"म्हणजे त्या मॅडमचा फोन..."

"मीच."

"मी तिला म्हटलं होतं, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही." आईचा आवाज चिरकला. "कोपऱ्यावरून बोलत होतीस आणि ऐकून घेतलंस?"

शाळेला फसवल्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही, पण आईचं ते वाक्य मी तिला परत देऊ शकत नाही. मग तिनं हॉस्पिटलच्या चादरींचा अख्खा ढीग माझ्यासमोर आणून टाकला. त्यातल्या अर्ध्या झाल्यावर पाठमोरीच म्हणाली, "त्या जजबाईंचं एकदा काढून दाखव." मी दाखवलं. तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जुन्या शाळेत जायला लागले होते. संध्याकाळी काउंटरच्या मागे इस्त्री करत होते, आई बटणं लावत होती. काउंटरवर अंगठीची टकटक झाली. जजबाई. चष्मा डोळ्यांवर, काखेत पिशवी.

"मुद्दा असा, की," त्या आईला म्हणाल्या, "आपल्या शाळेच्या गेटवर पाटी लागली. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. कुणीही बसू शकतं. नवीन मुख्याध्यापिका भूमिती शिकवणाऱ्या आहेत, पेपर अवघड काढतील."

आईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिच्या लेखी ते गिऱ्हाइकाचं बोलणं. माझी इस्त्री मात्र एका जागी थांबली आणि चादरीतून वास यायला लागल्यावर मी ती उचलली. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी इतकी वर्षं त्यांचं ऐकत आले होते. 'आपल्या' त्या इथे पहिल्यांदा म्हणाल्या होत्या.

जजबाईंनी पिशवीतून ब्लेझर काढून काउंटरवर ठेवला. कुणीतरी तो मधेच उलगडून पुन्हा कसातरी दुमडला होता. आईनं सवयीनं हात पुढे केला आणि दिवसातून शंभरदा विचारते तेच विचारलं.

"हा कुणाचा?"

जजबाई माझ्याकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांना काही शोधावं लागलं नाही.

"हिचा," त्या म्हणाल्या. "परीक्षा पास झाली तर."

मी ब्लेझर माझ्याकडे ओढला आणि बाह्या सरळ केल्या. "परीक्षेचं बघून घेईन," म्हटलं. "पण याला आधी इस्त्री करायला हवी. तुमच्याकडे कुणाला घडी घालता येत नाही."